संगणकाला आठ येत नाही

काल सोसायटीच्या ग्रुपवर संदेश आला : ‘मेंटेनन्सच्या पावत्यांची नावं नीट करून घेतल्याबद्दल बी विंगच्या काकांचे मनःपूर्वक आभार.’ करून घेतल्याबद्दल! ज्याच्याकडून करून घेतली, त्याचा उल्लेख नाही. खाली हात जोडलेल्यांची रांग, आणि त्यात लाजेकाजेस्तव माझेही हात.

काम किरकोळ होतं. शेकड्यानं स्कॅन केलेल्या पावत्या आणि नावं ‘पावती बी २०३ नवीन (१) फायनल’ अशा थाटाची. डॉस या जुन्या प्रणालीच्या काळात फाइलच्या नावाला आठ अक्षरं आणि ठिपक्यानंतर तीन, एवढाच परवाना होता. १९९५ साली विंडोज ९५ नं लांब नावांची मुभा दिली आणि तेव्हापासून आपल्याकडे कुठलीही फाइल ‘फायनल’ झालेली नाही. सगळी नावं एकदम बदलायला मी बॅशमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा पाळणाऱ्या प्रोग्राममध्ये, आज्ञांची छोटी यादी म्हणजे स्क्रिप्ट लिहिली. बॅशला मधली मोकळी जागा दिसली की शब्द संपला असं वाटतं. नाव ज्यात धरून ठेवतात त्या व्हेरिएबलला दुहेरी अवतरणचिन्हं घातली नाहीत, तर वरच्या एका नावाचे सहा तुकडे होतात आणि अशी फाइलच नाही म्हणून तक्रार येते. एकेक फाइल घेत फिरणाऱ्या लूपला एलएस या यादी देणाऱ्या आज्ञेचं आउटपुटही देऊ नये, त्याचेही असेच तुकडे पडतात. थेट तारांकन द्यावं, म्हणजे ‘इथल्या सगळ्या फाइली’. नाव बदलणाऱ्या एमव्ही या आज्ञेला उणे एन लावावं, नाहीतर त्या नावाची फाइल आधीच असली तर ती न विचारता चिरडली जाते. आणि पहिल्या फेरीत एमव्हीच्या आधी एको लिहावं, म्हणजे आज्ञा नुसत्या छापल्या जातात, घडत काही नाही.

इथे काका खुर्ची ओढून बसले. बँकेतून निवृत्त, त्यामुळे दुसऱ्याचं काम तपासणं अंगवळणी पडलेलं.

एकोची यादी सरसर वर गेली. काका खूश. “वा! झालं की!”

“नाही काका, ही नुसती तालीम.”

मग एको काढून खरी स्क्रिप्ट चालवली. सगळी नावं बदलली आणि पडद्यावर काहीच आलं नाही. युनिक्सची रीतच ती, काम बिनचूक झालं तर बोलायचं नाही. काकांचा चेहरा पडला. “बंद पडलं वाटतं. मघाशी बरं चाललं होतं.”

त्यात आमच्याकडे मेंटेनन्स आगाऊ भरतात, म्हणून नावात पुढच्या महिन्याचा आकडा हवा, असा कमिटीचा हट्ट. म्हणजे महिन्यात एक मिळवायचा. (डिसेंबरसाठी वेगळी अट, नाहीतर दुष्काळात तेरावा महिना.) काकांचं बोट स्क्रीनवर टेकलं. “महिन्याच्या आधी हे दहा आणि हॅश कशाला?”

“ते नसेल तर ०८ ला एरर येते.”

“आठला? कॉम्प्युटरला आठ येत नाही?”

“येतं हो. पण आधी शून्य असलं की बॅश तो आकडा अष्टमान पद्धतीतला धरतो. तिथे अंक शून्य ते सातच.”

“मग सात कसं येतं?”

“सातपर्यंत दोन्हीकडे सारखंच. म्हणून जानेवारी ते जुलै कुणाला पत्ता लागत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरला अडतं. ऑक्टोबरला पुन्हा सुरळीत, कारण दहाच्या आधी शून्य नाही.”

“म्हणजे नऊही येत नाही!” काकांनी हिशेब पुढे नेला. “आम्हाला पावकी-निमकी तोंडपाठ होती. आमच्या शाखेत असला क्लार्क असता तर प्रोबेशनवरच घरी पाठवला असता.” मग फोन काढून काकूंना, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात : “अगं, ह्याच्या कॉम्प्युटरला आठ येत नाही. हो, हो, महागातला आहे.”

‘दहा-हॅश म्हणजे हा आकडा दशमान समज’ हे वाक्य मी नंतर भिंतीला ऐकवलं. एका ओळीचं काम, पण ती ओळ कुठे मोडेल हे आधी माहीत असावं लागतं, आणि जे मोडलंच नाही त्याचे आभार कोण मानतो? वर “माझ्या नातवानं मोबाइलवर केलं असतं” हे आहेच. मग द्यायचं होतं नातवाला.

आज काकांनी नव्या पावत्या पाठवल्या आहेत. सगळ्या एका एक्सेल शीटमध्ये चिकटवून. एक्सेलची ही एक्सएलएसएक्स फाइल म्हणजे आतून झिपच, अनेक फाइलींचं एक गाठोडं. अनझिप केली की ‘एक्सएल’ नावाच्या फोल्डरातल्या ‘मीडिया’ फोल्डरात सगळी चित्रं सापडतात, नावं मात्र इमेज१, इमेज२. कुठली पावती कुणाची, ते डोळ्यांनी बघून ठरवावं लागतं. तेवढं मी नातवासाठी ठेवलं आहे.