टिक्टालिकचा फुगा आणि पोलंडची पावलं

गेले काही दिवस एक मजकूर ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. मला तो तीन ठिकाणांहून आला, एकदा तर खाली ‘आता बोला!’ असं जोडून. सार असं: माशांपासून चार पायांचे प्राणी झाले हे दाखवायला नील शुबिन या अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञाने टिक्टालिक नावाचा मासा पुढे केला. तो म्हणजे हाडाचा एक तुकडा आणि बाकी चित्रकाराची करामत. पोलंडमध्ये त्याहून जुनी पावलं सापडल्यावर तो फुगा फुटला. आणि सगळ्यांचा ‘पूर्वज’ असलेला सीलाकँथ नावाचा मासा तर 1938 मध्ये जसाच्या तसा जिवंत निघाला.

बरं, बोलतो.

तुकड्याची गोष्ट लवकर संपते. कॅनडाच्या उत्तरेला एल्समेर बेटावर 2004 मध्ये शुबिन, टेड डेशलर आणि फॅरिश जेन्किन्स यांच्या चमूला टिक्टालिकचे एकाहून अधिक नमुने मिळाले. मगरीसारखं चपटं डोकं, वरच्या बाजूला डोळे, खांद्यापासून सुटलेली मान. पुढच्या परात, म्हणजे पोहण्याच्या पंखात, दंडाचं हाड, त्यापुढे दोन हाडं, मग मनगटाच्या जागी लहान हाडांचा पुंजका. बोटं मात्र नाहीत. अंगावर खवले आहेतच. तेव्हाच आणलेल्या दगडांतून पुढे कमरेचं दणकट हाड मोकळं झालं, ते 2014 मध्ये प्रसिद्ध झालं. चित्रकाराला कल्पना लढवायला जागा उरली ती मुख्यतः शेपटीची आणि रंगाची.

पोलंडचा मुद्दा मात्र खरोखर वजनदार आहे, तो झटकून चालणार नाही. शुबिन यांचा हिशेब असा होता: साधारण 38.5 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत युस्थेनॉप्टेरॉनसारखे निव्वळ मासे मिळतात, 36.5 कोटींच्या आसपास पाय असलेला अकँथोस्टेगा. मग मधल्या काळातले, नद्यांनी साठवलेले खडक शोधा. 1999 मध्ये ते आधी मेलव्हिल बेटावर गेले. तिथले थर निघाले खोल समुद्रातले. मग पूर्वेकडे, एल्समेरला. टिक्टालिक मिळाला 37.5 कोटी वर्षांच्या खडकात. आणि 2010 च्या जानेवारीत बातमी आली की पोलंडच्या झाहेउमिएच्या दगडखाणीत जवळजवळ 39 कोटी वर्षांपूर्वीची चार पायांची पावलं उमटलेली आहेत.

हिशेबाला धक्का बसला, यात वाद नाही. पण कुठे बसला ते पाहा. टिक्टालिक आपला खापरपणजोबा आहे, असा दावा कुणी शहाणा करत नव्हता. तो त्या घराण्यातला, पण बाजूच्या फांदीवरचा. आजोबांच्या आधी नातू जन्मत नाही हे खरं. आजोबांचे चुलतभाऊ मात्र नातवाच्या बारशाला जेवून जातात. पावलं खरी असतील तर एवढंच ठरतं की पाय फुटण्याची सुरुवात आणखी आधी झाली आणि टिक्टालिकसारखे मासे नंतरही बराच काळ टिकून होते. ‘असतील तर’ म्हणतोय, कारण ती पावलं नसून माशांनी केलेले खळगे असावेत, असा आक्षेप 2015 मध्ये घेतला गेला आहे. गंमत म्हणजे, मजकूर लिहिणाऱ्याला पावलांचं 39 कोटी वर्षं हे वय बिनतक्रार मान्य आहे!

आता सीलाकँथ. दक्षिण आफ्रिकेत ईस्ट लंडनजवळ ट्रॉलरच्या जाळ्यात आलेला तो निळसर मासा मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांनी ओळखीसाठी जपला नसता, तर टाकून दिला गेला असता. तो पूर्वज नाही. 2013 मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा चार पायांच्या प्राण्यांना त्याच्यापेक्षा फुप्फुसमासे जवळचे ठरले. ‘जसाच्या तसा’ही नाही. आज जिवंत असलेली लॅटिमेरिया ही प्रजाती जीवाश्मांत सापडलेलीच नाही. सापडतात ते तिचे नातेवाईक. कॅनडातला रिबेलाट्रिक्स तर दुभंगलेल्या शेपटीचा, वेगाने पोहणारा. एक नातेवाईक आपल्याकडचाही आहे, प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या कोटा थरांतला इंडोसीलाकँथस. सिरोंच्याच्या बाजूला हेच थर उघडे पडलेले दिसतात.

मजकुराच्या शेवटी एक टोमणा आहे: ‘माशाला जमिनीवर यावंसं वाटलं आणि पाय फुटले म्हणे!’ असं कुणीच म्हणत नाही. ग्रीनलंडच्या अकँथोस्टेगाच्या पुढच्या पायाला आठ-आठ बोटं होती. शिवाय कल्ले आणि शेपटीला परही होता. म्हणजे पाय आले ते पाण्यातच. आणि वाट जमिनीकडेच जाणारी होती, असंही नाही. टिक्टालिक मिळण्याच्या काही दिवस आधी त्याच भागात उचललेला एक लहानसा नमुना वर्षानुवर्षं तसाच पडून होता. 2020 च्या मार्चमध्ये त्याचा सीटी स्कॅन झाला, तेव्हा दगडात अख्खा पर दिसला. दंडाचं हाड गुळगुळीत, अंग तोलून धरणाऱ्या स्नायूंचे कंगोरे गायब. किकिक्तानिया असं त्याचं नाव ठेवलं. टिक्टालिकचाच हा जवळचा भाऊबंद, पण त्याचं घराणं उथळ पाण्याचा काठ सोडून पुन्हा मोकळ्या पाण्यात पोहायला गेलं होतं.