राजघराणं काढायचंय? बॅटनबर्ग पॅटर्न वापरा

आपल्या खानदानात एकही राजा निघत नाही म्हणून जीव जळत असेल तर वंशावळी खरवडत बसू नका, सरळ नवीन घराणं काढा. जर्मनीतल्या हेसमध्ये लोकांनी हे करून दाखवलंय. बॅटनबर्ग नावाचे मध्ययुगातले सरदार कधीच संपले होते, नाव मोकळं पडलं होतं.

सुरुवात घरच्यांना न पटणाऱ्या लग्नानं करा. हेसचा राजपुत्र अलेक्झांडर, सख्खी बहीण रशियाच्या युवराजाला दिलेली, आणि हा पडला तिच्याच दरबारातल्या युलिया हाउकेच्या प्रेमात. तिचे वडील पोलिश जनरल, घरातली काउंटकी, म्हणजे सरदारकीचा किताब, १८२९चा, अगदीच ताजा. झार भडकला, रशियन सैन्यातली नोकरी गेली, तरी १८५१ मध्ये दोघांनी ब्रेस्लाऊला (आजचं पोलंडमधलं व्रोत्स्वाफ) लग्न उरकलं. अशा लग्नाला तिकडे मॉर्गनॅटिक म्हणत, म्हणजे बायको कायदेशीर पण मुलांना बापाचा हुद्दा नाही आणि गादीवर हक्कही नाही.

आता गंमत बघा, खुद्द अलेक्झांडरचा खरा बाप ग्रँड ड्यूक, म्हणजे हेसचा राजा, नसून दरबारातलाच एक बॅरन, म्हणजे छोटा सरदार, आहे अशी कुजबुज युरोपभर होती. पण ग्रँड ड्यूकनं पोरगा आपला म्हटला ना, मग विषय संपला, कमी कुळाची ठरली ती सून! तेव्हा कागद आधी नीट करून घ्या, रक्ताचं नंतर बघू.

मग गादीवरच्या भावाकडून किताब काढा. युलिया १८५१ला बॅटनबर्गची काउंटेस झाली आणि १८५८ला प्रिन्सेस, सात वर्षांत प्रमोशन, आपल्याकडे एवढ्यात सातबाऱ्यावरचं नाव बदलत नाही.

पोरांच्या सोयरिकी मात्र जपून करा. एकाला आत्याच्या नवऱ्याच्या म्हणजे झारच्या वशिल्यानं १८७९ला बल्गेरियाची गादी मिळाली, पण पुढे आतेभाऊ झार झाला, दोघांचं फाटलं आणि १८८६ला गादी सोडावी लागली. भाऊबंदकी काय फक्त आपल्याकडेच असते का. त्याचा भाऊ हेन्री त्यापेक्षा हुशार, त्यानं १८८५ला व्हिक्टोरिया राणीची धाकटी मुलगी बिअॅट्रिस केली, अट एकच, राहायचं सासूजवळ. चक्क घरजावई! पण त्याचीच मुलगी १९०६ला स्पेनची राणी झाली, त्यामुळे घरजावयाला हसू नका.

थोरला लुईस तर चौदाव्या वर्षी ब्रिटिश नौदलात शिरला, राणीची नात केली आणि नौदलाचा प्रमुखही झाला. १९१४ला युद्ध लागलं आणि लोकांना एकदम आठवलं की अरे हा तर जर्मन, गेली खुर्ची. अशा वेळी रडायचं नाही, आडनाव बदलायचं. १९१७ला बॅटनबर्गचं माउंटबॅटन झालं. लाजायचं कारण नाही, त्याच वर्षी खुद्द इंग्लंडच्या राजानंही जर्मन नाव टाकून विंडसर घेतलं.

या लुईसचा धाकटा म्हणजे आपला शेवटचा व्हाइसरॉय, त्याला वंशावळीचा केवढा नाद! आणि नातू फिलिप, जन्मानं ग्रीसचा राजपुत्र, त्यानं १९४७ला एलिझाबेथशी लग्नाआधी हेच आजोळचं आडनाव लावलं. बायको राणी झाल्यावर घराण्याचं नाव मात्र विंडसरच राहिलं. १९६०ला काही वंशजांसाठी माउंटबॅटन-विंडसर असं जोड-आडनाव मंजूर झालं. युलियाबाईंच्या लग्नाला तोवर १०९ वर्षं झाली होती, म्हणजे घाई असेल तर हा पॅटर्न तुमच्या कामाचा नाही.