समंजस गिऱ्हाइकानं नवी गाडी कशी घ्यावी

नवी गाडी बघायला शोरूममध्ये जाताना सगळं घरदार घेऊन जावं. आई, बायको, पोरं, शिवाय मोटारीतलं कळतं असा गल्लीतला एक जण. पोरं एकदा मागच्या सीटवर उड्या मारायला लागली आणि आईनं डॅशबोर्डवर गणपतीची जागा नक्की केली, की किमतीचं बोलणं निम्मं संपतं. समोरच्या सेल्सच्या पोराला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून आधी थंडा येतो, मग कोटेशन.

बुकिंग पहिल्या भेटीतच करून टाकावं. "सर, या रंगाची एकच गाडी यार्डात आहे, आणि इचलकरंजीची एक पार्टी संध्याकाळी येणार आहे." ही इचलकरंजीची पार्टी प्रत्येक शोरूमला कायम वाटेतच असते. हातकणंगल्याच्या पुढं काही ती सरकत नाही.

गाडी दसऱ्यालाच घ्यावी. पितृपक्षात शोरूम ओस पडलेलं असतं, महिनाअखेरीला टार्गेट भरायचं असतं, डिसेंबरात सरत्या सालाचा माल काढायचा असतो. अशा वेळी जाऊन त्यांना अडचणीत आणणं बरं नव्हे. सीमोल्लंघनाच्या दिवशी दारात रांग लागलेली असताना सवलत मागावी, उत्तर लगेच मिळतं. गाडी कधी बनली हेही विचारू नये. बहुतेक कंपन्यांच्या चेसिस नंबरात दहावं अक्षर साल सांगतं, पण टॉर्च घेऊन ते वाचत बसलेला माणूस शोरूममध्ये शोभत नाही.

टेफ्लॉन कोटिंग जरूर करून घ्यावं. केलं काय, न केलं काय, दिसतं सारखंच.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. त्याचं श्रेय शोरूमला द्यावं. "एवढं कमी झालंय सर, आता आणखी काय पाहिजे?" असं ते म्हणतात तेव्हा जणू दिल्लीत भांडून तेच आलेत.

शक्यतो ओळखीनं घ्यावी. ओळखीच्या माणसाकडं लेखी काही मागता येत नाही, हा ओळखीचा मोठा फायदा. कुणाचा, ते विचारू नये.

कर्जाचा दर ऐकताना मान डोलवावी. "फक्त सात टक्के, फ्लॅट." फ्लॅट म्हणजे कर्ज फिटत आलं तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर. आठ लाख, पाच वर्षं, व्याज दोन लाख ऐंशी हजार, हप्ता अठरा हजार. हाच हप्ता घटत्या बाकीच्या हिशेबानं बँकेच्या साडेबारा टक्क्यांच्या कर्जाचा असतो, पण ते गणित घरी करावं, म्हणजे सही झाल्यावर.

आता विमा. याबद्दल तर तोंडच उघडू नये. परवा मी उघडलं. कोटेशनवर विम्याचे ४९ हजार लावलेले. तीच विमा कंपनी, तेवढीच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत), झिरो डेपसकट (म्हणजे भरपाईत घसारा न कापता) मला हवी ती पॉलिसी बाहेर ३३ हजारांत मिळत होती. कागद पुढं केला, तर त्या पोराच्या घरच्यांबद्दल काहीतरी वाईट बोललो असा त्याचा चेहरा झाला. "बाहेरून काढला तर कॅशलेस होणार नाही सर." का होणार नाही? कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचं बिल विमा कंपनीनं परस्पर भरणं, चालतं ते विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातल्या करारावर, पॉलिसी कुणी विकली यावर नाही. "मग डिस्काउंट जाईल सर." म्हणजे ज्या १५ हजारांच्या सवलतीसाठी मॅनेजरच्या केबिनमध्ये एवढ्या येरझाऱ्या झाल्या, ती माझ्याच विम्यातून काढून मलाच द्यायची होती, वर हजार रुपये ठेवून! थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याच्या भरपाईचा, हप्ता सरकारनं ठरवलेला आहे. हजार ते दीड हजार सीसीच्या नव्या गाडीला तीन वर्षांचे मिळून १०,६४० रुपये, वर जीएसटी. सप्टेंबर २०१८ पासून तो तीन वर्षांचा एकदमच भरावा लागतो, आणि कुठल्याही कंपनीत जा, आकडा तोच. मग हे सोळा हजार गेले कुठं? उरलेल्या ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, आणि ॲड-ऑनच्या, वरच्या जोडविम्यांच्या, त्या शेपटीत. किल्ली हरवली तर, टायर फुटला तर, गाडीतलं सामान गेलं तर. मी मागितलं होतं यातलं काही? विमा कुठून घ्यायचा हे गिऱ्हाइकानं ठरवायचं, डीलरनं सक्ती करायची नाही, हे विमा नियामकानं २०१७ सालीच लिहून ठेवलंय. एवढं म्हटल्यावर साक्षात मॅनेजर बाहेर आले. "सर, बाहेरची पॉलिसी आमची सिस्टीमच घेत नाही." आमचे सोळा हजार बरे घेते सिस्टीम!

आणि त्याच कागदावर खाली 'हँडलिंग चार्जेस' १२ हजार. कसलं हँडलिंग? यार्डातून शोरूमपर्यंत गाडी आणली म्हणून? तो खर्च तुमचा, एक्स-शोरूम म्हणजे शोरूममधली किंमत. ही ओळ आरटीओच्या पावतीवर नाही, कुठल्या सरकारी फीच्या यादीत नाही. पावती मागितली की 'लॉजिस्टिक्स' होते, वाद घातला की निम्मी होते. निम्मी होते म्हणजे पहिल्यापासून खोटीच होती की!

त्या पोराचं मी समजू शकतो. पुठ्ठ्याची हातभर किल्ली देऊन फोटो काढायचा आणि "कंपनीचा फोन आला की दहापैकी दहाच सांगा सर" म्हणून विनवायचं, हे त्याच्या नशिबी आलंय. राग त्याचा नाही, तुमचा येतो. होय, तुमचाच. कोल्हापुरात कपिलतीर्थ मार्केटात कोथिंबिरीच्या पेंडीसाठी पाच रुपयांवरून वाद घालता आणि नऊ-दहा लाखांच्या कागदावर "बघा तुम्हीच काय ते" म्हणून सही ठोकता. विचारलं तर ऐपत नाही असं वाटेल, ही भीती. गल्लीत ज्यांचा आवाज असतो त्यांचा एसी केबिनमध्ये घसा बसतो. तुम्ही मुकाट्यानं हँडलिंग भरलंत, म्हणून माझ्या कोटेशनवर ते आलं. "सगळेच देतात सर" हे वाक्य मला तुमच्या जिवावर ऐकवलं जातं.

किमतीचा एकेक आकडा वेगळा आणि शिक्का मारून लिहून मागा. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला आपल्याकडं महाराष्ट्रात आरटीओचा रोड टॅक्स ११ टक्के आहे. नऊ लाखांच्या गाडीला ९९ हजार होतात, वर किरकोळ फी. तिथं एक लाख पंधरा लिहिलं असेल तर फरक कशाचा ते विचारा. विमा बाहेरून आणा. हँडलिंगवर रेघ मारायला लावा, आणि ऐकत नसतील तर पोराबाळांना घेऊन उठा. शिरोलीपासून उचगावपर्यंत हायवेला दुसरी शोरूम कमी आहेत काय?