गांजाचं तेल सुरू केलं म्हणून मॉर्फिन एकदम सोडता येत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया काळजीपोटी आली आहे, म्हणून नीट उत्तर देणं गरजेचं वाटतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : वैद्यकीय गांजाला लेखात नुसतं 'जोडऔषध' म्हणणं हा भित्रेपणा आहे. अमेरिकेत ज्या राज्यांनी त्याला परवानगी दिली, तिथे ओपिऑइडच्या (मॉर्फिन आणि त्याच्या जातीच्या वेदनाशामकांच्या) अतिसेवनाचे मृत्यू 25 टक्क्यांनी घटले. गांजाने श्वास बंद पडत नाही. तेव्हा न्यू जर्सीत तुमच्याकडे असलेल्या काकांनी रोजचं 60 मि.ग्रॅ. मॉर्फिन थांबवून सरळ तेल घ्यावं आणि पुण्याला येताना बाटली सोबत आणावी.

आधी 25 टक्क्यांचं बघू. तो आकडा 2014च्या अभ्यासातला आहे. 1999 ते 2010 या काळात परवानगी असलेल्या राज्यांत मृत्युदर सुमारे 25 टक्के कमी दिसला होता, हे खरं. पण 2019 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तीच पद्धत 2017पर्यंतच्या आकडेवारीला लावली, तेव्हा निष्कर्ष उलटा झाला : मृत्युदर सुमारे 23 टक्के जास्त. म्हणजे गांजाने माणसं मारली असं नव्हे. राज्याच्या सरासरीवरून एका रुग्णाचं काय होईल ते कळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ऑस्ट्रेलियात वेदनेच्या दीड हजार रुग्णांना चार वर्षं तपासत राहिले, तिथेही गांजामुळे ओपिऑइड कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही.

श्वासाबद्दल तुम्ही बरोबर आहात. श्वासावर ताबा ठेवणाऱ्या मेंदूच्या भागात गांजाचे ग्राहक (पेशींवरच्या ज्या जागांना औषध चिकटून काम करतं त्या, म्हणजे रिसेप्टर) फार विरळ आहेत, त्यामुळे मॉर्फिनसारखा धोका त्यात नाही. पण धोका काकांच्या शरीरातल्या मॉर्फिनच्या सवयीत आहे. ते एकदम थांबलं की दिवसभरातच जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, जुलाब, झोप उडणं सुरू होतं आणि वेदना पूर्वीपेक्षा जास्त भडकते. टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) ही लक्षणं थोडी सुसह्य करेल, पण मॉर्फिनची जागा घेणार नाही, कारण दोघांचे ग्राहक वेगळे. मग माणूस हैराण होऊन जुन्या गोळ्यांकडे वळतो. दोन-तीन आठवड्यांत शरीराची मॉर्फिन पचवण्याची सवय उतरलेली असते, आणि पूर्वी सहज पचणारे तेच 60 मि.ग्रॅ. आता श्वास थांबवू शकतात. माझा सगळा आग्रह या एका गोष्टीसाठी आहे.

क्रम उलटा हवा : आधी तेल बसवायचं, मग मॉर्फिन उतरवायचं, आणि दोन्ही त्यांच्या वेदनातज्ज्ञाला सांगून. सुरुवात सीबीडी (गांजातला नशा न आणणारा घटक) जास्त असलेल्या तेलाने, 5 मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा. गरज वाटली तर रात्री 1 ते 2.5 मि.ग्रॅ. टीएचसी, आणि आठवड्यातून एक-दोनदाच थोडी वाढ. इथे हमखास चूक होते ती थेंब मोजण्यात. 30 मिलीच्या बाटलीवर 300 मि.ग्रॅ. टीएचसी लिहिलं असेल, तर 1 मिलीत 10 मि.ग्रॅ. झाले, 2.5 मि.ग्रॅ.साठी पाव मिली पुरे. भरलेला ड्रॉपर म्हणजे चौपट डोस. सुई नसलेली 1 मिलीची सिरिंज वापरा. पोटात घेतलेलं तेल चढायला एक ते तीन तास लागतात. 'काहीच होत नाही' म्हणून तासाभरात दुसरा डोस घेतला की दोन्ही एकत्र चढतात. वयस्कांत अशा वेळी उभं राहताना रक्तदाब उतरून पडण्याची भीती असते.

हालचाल, झोप सुधारली किंवा जास्तीच्या गोळ्या मागणं कमी झालं, की मॉर्फिन दर एक ते चार आठवड्यांनी 5 ते 10 टक्के उतरवतात. काकांसाठी 60वरून 55. दीर्घकाळ काम करणारी मॉर्फिनची गोळी मात्र मोडायची नाही. मोडली की सगळं औषध एकदम सुटतं. छोटी पायरी हवी तर डॉक्टर साधी, कमी ताकदीची गोळी लिहून देतील. त्रास झाला तर त्याच पायरीवर थांबा, पुन्हा वर चढू नका. नॅलॉक्सोनचा (ओपिऑइडच्या अतिसेवनावरच्या उताऱ्याचा) नाकातला स्प्रे घरात ठेवा. 2023पासून अमेरिकेत तो चिठ्ठीशिवाय मिळतो. वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) चालू असेल तर सीबीडीने रक्त जास्त पातळ होऊ शकतं, आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) लवकर तपासा. घरात कुणाला मनोविकाराचा इतिहास असेल तर टीएचसी सुरू करण्याआधीच सांगा.

फायदाही मोजून धरा. 2021च्या मोठ्या आढाव्यात शंभरातल्या साधारण दहा जणांनाच जाणवेल इतका जास्तीचा आराम मिळाला. काकांचं दुखणं मज्जातंतूचं असेल तर प्रयत्न करून पाहण्यासारखा आहे. बाकी दुखण्यांत मी कमी आशा धरेन.

बाटली पुण्याला आणू नका. न्यू जर्सीचं वैद्यकीय गांजाचं कार्ड इथे चालत नाही. 1985च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली तो गुन्हा ठरू शकतो. त्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येतून फुलोऱ्याशिवायचं पान वगळलेलं आहे, त्यामुळे पानापासूनची 'विजया'ची (आयुर्वेदातलं भांगेचं नाव) आयुर्वेदिक औषधं परवान्याने मिळतात, पण बाटलीवर टीएचसी मि.ग्रॅ.मध्ये छापलेलं नसेल तर वरचा हिशोब त्यावर लागू होत नाही. घरगुती भांगेवर तर मुळीच नाही. प्रवासाच्या आठवड्यात मॉर्फिनची पायरी बदलू नका, आणि मॉर्फिनही नियमाने आणायचं असल्याने चिठ्ठी व मूळ वेष्टन हातातल्या बॅगेत ठेवा.