पाकीट स्वस्त कोणी केले?

पाकीटबंद खाण्यापिण्याच्या चर्चेत राजकारण आणले की अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. ज्याने त्याने आपल्या जिभेवर ताबा ठेवावा, सरकारचा यात काय संबंध, असे विचारले जाते. पण बाजारात काय स्वस्त मिळावे आणि काय महाग, हे ठरवण्यात सरकारांचा हात फार पूर्वीपासून आहे. आपण जिभेवर ताबा ठेवायला निघतो, तेव्हा निम्मा निर्णय आधीच होऊन गेलेला असतो.

अमेरिकेत १९७० च्या दशकात शेतीचे धोरण बदलले आणि मक्याचे पीक जास्तीत जास्त घेण्यावर भर दिला गेला. पुढे आयात साखरेवर कोटा लावून तिचा भाव चढा ठेवण्यात आला. साहजिकच मक्यापासून बनणारे गोड सिरप साखरेहून स्वस्त पडू लागले आणि १९८४ मध्ये कोका-कोला आणि पेप्सी या दोन्ही कंपन्यांनी तिथल्या आपल्या पेयांत साखरेऐवजी ते वापरण्याचा निर्णय घेतला. या साखळीत पेय पिणाऱ्याचे मत कुठेही विचारात घेतलेले नाही.

पाकीट हातात घेऊन त्याची मागची बाजू सावकाश वाचावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापण्याची पद्धत आहे, म्हणजे जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी. पण साखर, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, फळांच्या रसाचा अर्क अशी गोडव्याची वाटणी केली, की त्यांतला प्रत्येक घटक यादीत खाली सरकतो आणि पहिला मान मैद्याला मिळतो. शेजारच्या तक्त्यातील आकडे अनेकदा 'एका वेळच्या प्रमाणा'चे असतात आणि ते प्रमाण इतके लहान धरलेले असते की तेवढेच खाऊन पाकीट बाजूला ठेवणारा माणूस क्वचितच भेटेल. यात कायदा मोडलेला नसतो. कायदा असाच लिहिला गेला आहे, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

ब्राझीलच्या साओ पाउलो विद्यापीठातील कार्लोस मोंतेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ च्या सुमारास अन्नाची वर्गवारी त्यातील पोषकद्रव्यांवरून न करता त्यावर झालेल्या प्रक्रियेवरून करावी, असा विचार मांडला. 'अतिप्रक्रियायुक्त अन्न', म्हणजे कारखान्यात रंग, स्वाद वगैरे घालून बनवलेले खाणे, हा वर्ग तिथून रूढ झाला. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत संशोधक केव्हिन हॉल यांनी २० जणांना दोन आठवडे असे अन्न आणि दोन आठवडे साधे, कमी प्रक्रियेचे अन्न दिले. दोन्हींत साखर, मीठ, स्निग्धांश आणि तंतू यांचे प्रमाण सारखे ठेवले होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. तरीही अतिप्रक्रियायुक्त अन्नाच्या काळात तीच माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. माणसे तीच, त्यांची इच्छाशक्तीही तीच, बदलले होते फक्त अन्न. हे वाचल्यापासून लठ्ठ माणसाला शिस्तीचे धडे देणाऱ्यांचे बोलणे मला ऐकवत नाही.

दिवसभर राबून घरी येणाऱ्या आणि स्वयंपाकाला ना वेळ ना इंधन अशा माणसाने पाकीट फोडले, तर त्याला दोष देण्याचा अधिकार मला तरी नाही. त्याच्या हाती असलेल्या पैशात पोट भरेल आणि नासून वाया जाणार नाही असे जे मिळते, ते तो घेतो. म्हणूनच केवळ ग्राहकाच्या खिशाला चटका देणारे उपाय मला अपुरे वाटतात. डेन्मार्कने २०११ मध्ये संपृक्त स्निग्ध पदार्थांवर, म्हणजे लोणी, मांस यांत असते तशा चरबीवर, कर लावला. त्यावर इतकी नाराजी उसळली की सव्वा वर्षात तो मागे घ्यावा लागला. त्याच डेन्मार्कने २००३ मध्ये कारखान्यात तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या ट्रान्स फॅट या हृदयाला घातक स्निग्धांशावर, एकूण स्निग्धांशाच्या दोन टक्के, अशी मर्यादा घातली होती. ती टिकली आणि पुढे अनेक देशांनी तोच मार्ग धरला. पहिल्या कायद्याचा भार खाणाऱ्यावर होता, दुसऱ्याचा बनवणाऱ्यावर. ब्रिटनमध्ये गोड पेयांवरील आकारणी २०१८ मध्ये लागू झाली, पण ती साखरेच्या प्रमाणानुसार टप्प्याटप्प्याने वाढणारी असल्यामुळे अनेक कंपन्यांनी ती लागू होण्याआधीच आपल्या पेयांतील साखर कमी केली. म्हणजे वर्षानुवर्षे जे अशक्य म्हणून सांगितले जात होते, ते शक्यच होते.

चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, कॅलरी आणि संपृक्त स्निग्धांश जास्त असलेल्या पाकिटांच्या दर्शनी भागावर काळे अष्टकोनी इशारे छापणे सक्तीचे केले आणि असे पदार्थ शाळांमध्ये विकण्यास व मुलांना भुलवणाऱ्या जाहिरातींतून खपवण्यास बंदी घातली. असे कायदे येऊ घातले की उद्योगांचे प्रतिनिधी आधी ग्राहकाच्या स्वातंत्र्याचा मुद्दा पुढे करतात. पण मागच्या बाजूला बारीक अक्षरांत दडवलेली माहिती समोर मोठ्या अक्षरांत आणल्याने कोणाचे स्वातंत्र्य कमी होते, याचे पटेल असे उत्तर मला अद्याप मिळालेले नाही. मत मागायला येणाऱ्यांना मी दोन गोष्टी विचारते: पाकिटाच्या दर्शनी भागावरील इशाऱ्याच्या बाजूने तुम्ही सभागृहात मत द्याल का, आणि साखर, मका, तेल यांच्या वाट्याला जाणाऱ्या सरकारी पैशातला किती भाग भाज्या, फळे आणि डाळी पिकवणाऱ्यांकडे वळवाल?