चकमकीच्या बंदुकीला खरी काळी दारूच हवी
लेखात 'काळ्या दारूऐवजी पर्यायी दारू सर्वच ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या) बंदुकांना चालते' असं लिहिलंय, ते पटलं नाही. टोपीच्या (छोट्या स्फोटक टोपीवर घोडा आपटून पेटणाऱ्या) बंदुकीत पायरोडेक्स ही पर्यायी दारू चालते, पण ती पेटायला काळ्या दारूपेक्षा जास्त उष्णता लागते. चकमकीची ठिणगी तिला पुरत नाही. रंजक, म्हणजे नळीबाहेरची पेटवणीची दारू, फुर्रकन जळतं आणि नळीतली दारू तशीच राहते! पायरोडेक्स वजनाला हलकी, म्हणून ती मापाने भरायची, तोलून नाही. आणि 'पर्यायी म्हणजे कमी गंज' हा समज तर सोडाच. तिच्यात पोटॅशियम परक्लोरेट असतं, बार काढल्यावर नळी त्याच दिवशी पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावायलाच हवं. आजच्या काडतुसांतली धूरविरहित दारू मात्र चिमूटभरही नको, नळी फुटते.