‘सभेचे नियम अध्यक्षांच्या सोयीचे’? नियमावली वेगळंच सांगते

अमेरिकेतल्या नगर परिषदांच्या सभांबद्दल एक संदेश बराच फिरतो आहे: ‘सभेचे नियम म्हणजे अध्यक्षांच्या हातातला दंडुका. कुणी “मत घ्या” म्हटलं की चर्चा बंद. “बाजूला ठेवा” म्हटलं की ठराव मेला. तटस्थ मतं विरोधात धरतात. अध्यक्षांच्या निर्णयावर दाद नाही.’ तिथल्या अनेक नगर परिषदा हेन्री रॉबर्ट यांच्या १८७६ सालच्या नियमावलीची सुधारित आवृत्ती वापरतात. तिच्यात यातलं एकही विधान टिकत नाही. (स्थानिक कायदा किंवा परिषदेचा स्वतःचा नियम वेगळा असेल, तर अर्थातच तो वरचढ.)

‘मत घ्या’ ही आरोळी नव्हे, तो वेगळा प्रस्ताव आहे. अध्यक्षांकडून बोलण्याची परवानगी घेऊन तो मांडावा लागतो. त्याला अनुमोदन लागतं आणि दिलेल्या मतांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. म्हणजे बाजूची मतं विरोधी मतांच्या निदान दुप्पट हवीत. ९ विरुद्ध ५ झालं तरी चर्चा चालूच राहते. जागेवरून ओरडणाऱ्यामुळे काहीच बंद होत नाही. बंद होते ती अध्यक्षांनी त्याचं ऐकलं आणि बाकीचे गप्प बसले म्हणून.

ठराव बाजूला ठेवणं ही सोय मध्येच तातडीचं काम आलं तर तेवढ्यापुरती आहे. पुढे साध्या बहुमतानं तो पुन्हा घेता येतो. ठराव निकालात काढायचा असेल तर तो बेमुदत पुढे ढकलण्याचा प्रस्ताव आणावा, आणि त्यावर चर्चा होऊ द्यावी लागते. ही चर्चा चुकवण्यासाठीच बाजूला ठेवण्याचा मार्ग धरला जातो. तसं दिसलं की लगेच हरकत घ्यावी.

तटस्थांबद्दलचा गैरसमज सर्वांत चिवट. समजा, परिषदेत १५ सदस्य, हजर ९. बाजूनं ४, विरोधात २, तटस्थ ३. गणपूर्ती (सभेसाठी लागणारी किमान हजेरी) झालेली आहे, बहुमत दिलेल्या मतांचं मोजायचं, म्हणून ठराव मंजूर. पण त्या विषयासाठी ‘हजर सदस्यांचं बहुमत’ असा नियम असेल तर ५ मतं हवीत, आणि ‘एकूण सदस्यसंख्येचं बहुमत’ असेल तर ८. मग तोच ठराव पडतो. त्यामुळे मतदानाआधीच सचिवांकडून नियमाचे नेमके शब्द वाचून घ्यावेत. समसमान मतं पडली तर ठराव फेटाळला जातो.

राहिला अध्यक्षांचा निर्णय. तो पटला नाही तर तिथल्या तिथे सभागृहाकडे दाद मागता येते. एक सदस्य आणि एक अनुमोदक पुरे. तो फिरवायला विरोधात बहुमत लागतं, बरोबरी झाली तर निर्णय कायम राहतो. एवढंच काय ते अध्यक्षांचं झुकतं माप! आवाजी मतदानाचा निकाल संशयास्पद वाटला तर एकटा सदस्यही, अनुमोदनाशिवाय, उभं राहून मतदान घ्यायला लावू शकतो.

मात्र हे सगळं वेळेत करावं लागतं. हरकतीचा मुद्दा चूक होते त्याच क्षणी उठवायचा असतो. सभा पुढच्या विषयावर गेली की बहुतेक चुका तशाच पचतात. ठराव कायद्याच्या किंवा परिषदेच्या मूळ नियमांच्या विरुद्ध असेल, तर मात्र तो मुद्दा नंतरही काढता येतो.